त्वचारोग आणि चारचौघांत वावरण्याचा हक्क



सार्वजनिक आरोग्याची चर्चा आपल्याकडे बहुधा मृत्यूच्या आकड्यांपासून सुरू होते. बालमृत्यू किती, मातामृत्यू किती, क्षयाने किती दगावले, सर्पदंशाने किती गेले, हे प्रश्न प्रथम विचारले जातात. त्यात गैर काही नाही. जीव वाचवणे हे आरोग्यव्यवस्थेचे पहिले कर्तव्यच आहे. परंतु या हिशेबपद्धतीचा एक परिणाम असा होतो की, जे रोग माणसाला मारत नाहीत पण त्याचे जगणे वर्षानुवर्षे कुरतडत राहतात, ते हिशेबाच्या वहीत शिरतच नाहीत. त्वचारोग हे त्यांपैकी प्रमुख होत. खरूज, नायटा, इसब, सोरायसिस, कोड ही नावे उच्चारली की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर किंचित हसू तरी उमटते, नाहीतर किंचित किळस तरी. दोन्ही वेळा रोग्याच्या वाट्याला सहानुभूती मात्र येत नाही.

वस्तुतः या रोगांचे ओझे किरकोळ नाही. जगभरच्या रोगांचा भार मोजण्याचा जो मोठा प्रयत्न २०१० या वर्षासाठी झाला, त्यात मृत्यू बाजूला ठेवून केवळ रोगासह जगण्याचा भार मोजला असता त्वचारोगांचा क्रमांक चौथा लागला. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने त्वचारोग हा सार्वजनिक आरोग्याचा अग्रक्रमाचा विषय मानणारा ठराव मंजूर केला. तज्ज्ञांच्या जगाला जे उशिरा का होईना उमगले, ते समतेची भाषा बोलणाऱ्या चळवळींना अद्याप पुरेसे उमगलेले नाही. त्वचारोग ही डॉक्टरांची आणि रोग्यांची खासगी बाब आहे, असेच कार्यकर्त्यांतही धरून चालले जाते. ती तशी नाही. तो श्रमाचा, प्रतिष्ठेचा आणि सार्वजनिक जीवनातील सहभागाचा प्रश्न आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या संदर्भात ॲडम स्मिथची आठवण होणे स्वाभाविक आहे. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्मिथने जीवनावश्यक वस्तू कोणत्या याची चर्चा करताना तागाच्या सदऱ्याचे उदाहरण दिले आहे. काटेकोरपणे पाहता सदऱ्यावाचून माणूस जगू शकतो. ग्रीक आणि रोमन लोक त्यावाचून सुखाने जगले. परंतु स्मिथच्या काळच्या युरोपात अब्रूदार मजुराला तो सदरा अंगात नसताना चारचौघांत जायची लाज वाटली असती, आणि म्हणून स्मिथ त्या सदऱ्याची गणना गरजेच्या वस्तूंत करतो. दोनशे वर्षांनंतर अमर्त्य सेन यांनी हाच धागा उचलला आणि लाज न वाटता समाजात वावरता येणे ही माणसाची एक मूलभूत क्षमता आहे, ती हिरावली जाणे हे दारिद्र्याचेच एक रूप आहे, अशी मांडणी केली. सदरा नसेल तर तो विकत घेता येतो, मागून घेता येतो. कातडी मात्र बदलून घेता येत नाही. ज्याच्या कातडीनेच त्याला चारचौघांतून उठवले, त्याचे दारिद्र्य कोणत्या रेषेने मोजायचे?

हे दारिद्र्य दोन वाटांनी येते. एक वाट श्रमाची, दुसरी प्रतिष्ठेची. पहिलीचे उदाहरण महाराष्ट्राच्या मातीतलेच आहे. १९५०च्या दशकाच्या मध्यास पुण्याच्या परिसरात एका नव्या तणाची नोंद झाली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आले असा सर्वसाधारण समज आहे. शेतकरी त्याला गाजरगवत म्हणतात, आणि लोकांच्या मिस्कीलपणाने त्याला काँग्रेस गवत असेही नाव दिले. पुढे ते रस्त्याच्या कडेपासून बांधापर्यंत आणि बांधापासून पिकापर्यंत देशभर पसरले. १९७० नंतरच्या वर्षांत या गवताने होणाऱ्या त्वचादाहाची माहिती वैद्यकीय नियतकालिकांतून येऊ लागली. या वनस्पतीत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. वाळलेल्या गवताचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर उडून चेहऱ्यावर, पापण्यांवर, मानेवर आणि कोपरांच्या आतल्या घडीत बसतात. कित्येक महिने किंवा वर्षे संपर्क होऊनही काही होत नाही. मग एका हंगामात शरीर त्या द्रव्याशी वैर धरते, आणि एकदा वैर धरले की ते सुटत नाही. त्यानंतर वाऱ्यावरून आलेला थोडासा अंशही पुरतो. कातडी लाल होते, खाजते, पाझरते, आणि वर्षानुवर्षांच्या खाजवण्याने जाड, काळवंडलेली, सुरकुतलेली होते. कित्येकांना पुढेपुढे ऊनही सोसेनासे होते.

डॉक्टर अशा रोग्याला जो पहिला सल्ला देतात तो शास्त्रदृष्ट्या निर्दोष असतो. गवतापासून दूर राहा, उन्हात जाऊ नका. शहरातील नोकरदाराला हा सल्ला पाळता येतो. शेतकऱ्याच्या किंवा शेतमजुराच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच होतो की, पोट भरणे थांबवा. तो शेत सोडू शकत नाही, गाव बदलू शकत नाही आणि खुरपणीच्या दिवसांत घरात बसू शकत नाही. रोगाचा दाह दबवणारी औषधे आहेत. पण ती दीर्घकाळ घ्यावी लागतात आणि त्यांतील काहींसाठी वरचेवर रक्ततपासणी करावी लागते. म्हणजे औषधाच्या किमतीत तालुक्याच्या गावाचे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी मिळवावी लागते. हिशेब इथेही संपत नाही. रात्रभर खाजेने ज्याला झोप लागत नाही त्याच्या हातून दुसऱ्या दिवशी पुरे काम होत नाही, आणि ज्याचा चेहरा सुजलेला आहे त्याला मुकादम दुसऱ्या दिवशी बोलवीत नाही.

या हानीची भरपाई कोणी द्यायची? १९४८च्या कारखाना अधिनियमाच्या अनुसूचीत रसायनांच्या व रंगांच्या संपर्कातून होणारा त्वचादाह हा नोंद करण्याजोगा व्यवसायजन्य रोग म्हणून समाविष्ट होता. ते कामगार चळवळीने मिळवलेले फळ होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली आहे आणि ही तरतूद नव्या रचनेत किती परिणामकारक राहते यावर कामगार संघटनांना लक्ष ठेवावे लागेल. पण मूळ उणीव जुनीच आहे. कारखान्याच्या भिंतीच्या आत जो रोग व्यवसायजन्य ठरतो, तोच भिंतीबाहेर शेतात, वीटभट्टीवर किंवा इमारतीच्या बांधकामावर झाला की नशिबाचा भाग ठरतो. गवंड्याच्या हातांचे उदाहरण घ्यावे. ओल्या सिमेंटमधील क्रोमियमच्या क्षारांनी हातांना चिवट इसब होते. सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळले की या क्षारांचा उपद्रव पुष्कळ कमी होतो. डेन्मार्कने १९८०च्या दशकाच्या आरंभी हा उपाय अमलात आणला आणि २००५ पासून संपूर्ण युरोपीय संघात सिमेंटमधील या क्रोमियमवर मर्यादा आली. उपाय मलमाच्या नळीत नव्हता, सिमेंटच्या गिरणीत होता, आणि तो कायद्याने आणावा लागला. त्वचारोगाच्या अर्थकारणातील हा धडा महत्त्वाचा आहे.

आता दुसरी वाट पाहू. कोडाने दुखत नाही आणि सहसा खाजतही नाही. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच रंगपेशींवर उलटते आणि त्या जागी कातडी पांढरी होते, इतकेच घडते. कोड स्पर्शाने पसरत नाही. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने ते होत नाही, आणि कुष्ठरोगाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. जगात शंभरात साधारण अर्धा ते एक टक्का माणसांना ते असते. शुद्ध शारीरिक दृष्टीने पाहिले तर कोड झालेला माणूस निरोगी माणसाइतकेच काम करू शकतो, तितकेच जगू शकतो. तरीही आपल्या समाजात त्याचे आयुष्य बदलून जाते. मुलीच्या हातावर डाग दिसला की घरात प्रथम काळजी होते ती तिच्या लग्नाची. पाठोपाठ धाकट्या बहिणीच्याही लग्नाची. मग लांब बाह्यांचे पोलके येते, समारंभांना न जाणे येते, शाळेतल्या डब्याची वाटणी बंद होते. पांढरे कुष्ठ हा शब्द भाषेत अद्याप वावरतो आहे, आणि त्या एका शब्दाने दोन वेगळ्या रोगांच्या माणसांवर एकाच वेळी अन्याय होतो.

कोड असलेल्यांनी या परिस्थितीशी स्वतःही झुंज दिली आहे. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेल्या श्वेता असोसिएशनने कोड असलेल्यांचा आधारगट उभा केला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००६चा 'नितळ' हा चित्रपट याच विषयावरचा. त्याची नायिका डॉक्टर आहे, सुशिक्षित घराशी तिचा संबंध येतो, आणि तरी डाग आडवे येतातच. शिक्षणाने हा पूर्वग्रह आपोआप जातो असे मानणाऱ्यांनी त्या घराकडे नीट पाहावे. पूर्वग्रह अज्ञानातून जन्मतो हे खरे, पण तो टिकतो तो हितसंबंधांवर. विवाह हा जिथे दोन घराण्यांमधील देवघेवीचा व्यवहार आहे, तिथे मुलीची कातडी ही त्या व्यवहारातील वस्तूची प्रत ठरते, आणि डाग म्हणजे प्रतीतला दोष ठरतो. स्त्रीला वस्तू मानणारी व्यवस्था शिल्लक असेपर्यंत कोडावरचे कोणतेही औषध पुरे पडणार नाही.

अशा हानीचे मोजमाप करता येते काय? वैद्यकशास्त्राने तो प्रयत्न केला आहे आणि त्याची दखल आदराने घेतली पाहिजे. कार्डिफ येथील त्वचारोगतज्ज्ञ फिनले आणि खान यांनी १९९४ साली दहा प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. गेल्या आठवड्यात किती खाज आली, किती संकोच वाटला, खरेदी व घरकाम यांत किती अडथळा आला, कपडे निवडताना रोगाचा विचार करावा लागला काय, लोकांत मिसळणे, खेळ, काम किंवा अभ्यास, जवळच्यांशी संबंध, शरीरसंबंध आणि खुद्द उपचारांचा त्रास, असे ते दहा प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. दहाहून अधिक गुण म्हणजे रोगाने जगण्यावर फार मोठा परिणाम केला, असे समजतात. ही प्रश्नावली आज शंभराहून अधिक भाषांत वापरली जाते. डॉक्टरने डाग मोजावेत आणि रोग्याने आपले जगणे मोजावे, हे तत्त्व तिने रूढ केले. त्यात लोकशाहीचा अंश आहे. ब्रिटनमध्ये सोरायसिसवरील महाग इंजेक्शने सरकारी खर्चाने कोणाला द्यायची हे ठरवताना याच गुणांचा आधार घेतला जातो. म्हणजे ही संख्या केवळ संशोधनाच्या कामाची उरलेली नाही. तिच्यावर हक्क ठरतो.

आणि म्हणूनच तिच्यातील एक खोच नीट पाहिली पाहिजे. प्रश्नावलीत बहुतेक प्रश्नांना 'लागू नाही' असे उत्तर देण्याची सोय आहे, आणि त्या उत्तराला शून्य गुण मिळतात. आता विदर्भातील एखाद्या शेतमजूर बाईने ही प्रश्नावली भरली अशी कल्पना करावी. खेळात अडथळा आला काय? ती खेळतच नाही. लागू नाही, शून्य. कपडे निवडण्यावर परिणाम झाला काय? लुगडी दोनच आहेत, निवडायचे काय? शून्य. करमणुकीवर? शून्य. ती विधवा असेल तर शरीरसंबंधाच्या प्रश्नालाही शून्य. जिचे जगणे मुळातच आखूड, तिचे नुकसान कागदावर आपोआप कमी भरते. ज्याच्याकडे गमावण्यासारखे पुष्कळ होते त्याची हानी मोठी दिसते, आणि जिच्याकडून समाजाने आधीच सर्व काढून घेतले आहे तिला रोगाने काहीच केले नाही असा निष्कर्ष निघतो. ही अडचण तज्ज्ञांच्या ध्यानात आली नाही असे नाही. 'लागू नाही' या उत्तरांची दुरुस्ती करून गुण काढण्याची रीत गेल्या काही वर्षांत सुचवण्यात आली आहे. परंतु प्रश्न गणिताच्या दुरुस्तीपलीकडचा आहे. जी माणसे दीर्घकाळ वंचित राहतात त्यांच्या इच्छाही त्या वंचनेच्या मापाने बेतल्या जातात, हे सेन यांनी वारंवार दाखवले आहे. तक्रार न करणे हा सुखाचा पुरावा नव्हे.

दुसरी मर्यादा काळाची. प्रश्नावली गेल्या आठवड्याविषयी विचारते. पण पंधराव्या वर्षी सोडलेली शाळा, विसाव्या वर्षी मोडलेले लग्न, तिसाव्या वर्षी न मागितलेली बढती यांची नोंद गेल्या आठवड्यात कुठून सापडणार? आयुष्यभरात साचत गेलेल्या हानीचा विचार संशोधक २०१०च्या सुमारापासून करू लागले आहेत. जे कर्जाच्या व्याजाला लागू, ते इथेही लागू. मूळ रक्कम लहान असली तरी चक्रवाढीने ती माणसाला बुडवते.

त्वचारोगी असा एकटा पडला की त्याच्यापाशी बाजार सर्वांत आधी पोचतो. तालुक्याच्या गावीदेखील त्वचारोगतज्ज्ञ असतोच असे नाही. औषधाचे दुकान मात्र असते. नायटा झालेला मजूर दुकानदाराला डाग दाखवतो आणि दुकानदार एक नळी हातावर ठेवतो. त्या मलमात बुरशीवरचे औषध असते, जंतूंवरचे असते आणि त्यांच्या जोडीला तीव्र स्टेरॉइडही असते. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, मजूर कामावर जातो आणि नळी संपली की रोग दुप्पट जोराने परत येतो. कातडी पातळ होते, तिच्यावर वळ उठतात, आणि बुरशी आतल्या आत पसरते. हीच मलमे चेहरा गोरा व्हावा म्हणून मुली वर्षानुवर्षे लावतात आणि चेहरा कायमचा लालसर, केसाळ, ऊन न सोसणारा करून घेतात. डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकायच्या नाहीत अशा औषधांच्या यादीतून लावायच्या स्टेरॉइडांना पूर्वी पळवाट होती. त्वचारोगतज्ज्ञांनी पाठपुरावा केल्यावर मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइडांची ती पळवाट बंद केली. दरम्यान नेहमीच्या औषधाला न जुमानणारी नायट्याची बुरशी भारतात बळावली आणि २०२० साली शास्त्रज्ञांनी तिला दिलेल्या नावातही भारताचे नाव गुंफले गेले. ही कीर्ती मिरवण्याजोगी नाही. नियम झाला तरी दुकानाच्या फळीवरचा व्यवहार फारसा बदललेला नाही, कारण चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर जवळ नसेल तर चिठ्ठीचा नियम रोग्याला उपयोगी पडत नाही.

जाहिरातींचेही तेच. कोड आणि कुष्ठरोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांविषयीच्या कायद्याने बंदी आहे. कोड हमखास बरे करून देण्याची ग्वाही देणाऱ्या पाट्या तरीही दिसतात. भय विकत घेणारे गिऱ्हाईक मुबलक आहे तोवर त्या रंगवल्या जाणारच.

गरीब घरातील खरजेचा प्रश्न याहून साधा आणि याहून लाजिरवाणा आहे. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने खरजेला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले. तिचे किडे कातडीत बिळे करतात, खाज रात्री वाढते, आणि एका अंथरुणात तिघे झोपत असतील तर तिघांनाही ती होते. उपचार सोपा आहे, पण घरातील सर्वांनी तो एकाच वेळी करावा लागतो आणि आठवड्याभराने पुन्हा करावा लागतो. आठ माणसांच्या घराला त्यासाठी मलमाच्या किती नळ्या लागतील याचा हिशेब डॉक्टरच्या चिठ्ठीवर नसतो. बाप एक नळी आणतो, ज्या मुलाला जास्त खाजते त्याला लावतो, आणि महिन्याभरात सारे घर पुन्हा खाजवू लागते. मग त्या घराला घाणेरडे म्हटले जाते. दाटीवाटीची वसतिगृहे, झोपडपट्ट्या, पाण्याची टंचाई यांविषयी न बोलता खरजेविषयी बोलणे म्हणजे गळक्या छपराखाली फरशी पुसत बसणे होय.

विमायोजनांकडून काही अपेक्षा करावी तर तीही व्यर्थ. २०१८ची केंद्राची आयुष्मान भारत योजना काय किंवा महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना काय, यांची रचना रुग्णालयात भरती होणाऱ्या रोग्यासाठी आहे. त्वचारोगी क्वचितच भरती होतो. तो महिन्यामागून महिने बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभा राहतो, बाहेरून औषध विकत घेतो, आणि शेवटी घेईनासा होतो. खाटेवर न झोपणारा रोगी विम्याला दिसत नाही. आरोग्याचे रूपांतर विम्यात करण्याच्या धोरणावर समाजवादी चळवळ जी टीका करते, तिला याहून बोलके उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

या सर्व चर्चेत कुष्ठरोगाचा इतिहास आपल्याला फार काही शिकवतो. तो मुख्यतः मज्जातंतूंचा रोग, पण समाजाने तो कातडीवर वाचला. महाराष्ट्राने या क्षेत्रात जे काम केले ते देशाला वाट दाखवणारे होते. १९३६ साली मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केले. १९४६ साली शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन उभे केले आणि १९४९ साली बाबा आमटे यांनी वरोऱ्याला महारोगी सेवा समिती स्थापन केली. आनंदवनाचे मोठेपण शुश्रूषेत आहे तसे, किंबहुना त्याहून अधिक, श्रमात आहे. बोटे झडलेल्या माणसांनी विहिरी खणल्या, शेते पिकवली, कापड विणले. दानाने पोट भरते, पण चारचौघांत ताठ उभे राहण्याचे बळ कामाने येते, हे तिथे सिद्ध झाले.

कायद्याची चाल मात्र औषधापेक्षा मंद राहिली. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि पुढे सहा ते बारा महिन्यांत कुष्ठरोग बरा होऊ लागला. कुष्ठरोग्याला डांबून ठेवण्याची मुभा देणारा १८९८चा इंग्रजी अमदानीतील कायदा केंद्राने रद्द केला तो २०१६ साली. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी कलमे विवाहविषयक कायद्यांतून गेली ती २०१९ साली. मधल्या काळात, २००८ साली, ओडिशातील कुष्ठरोगी लोकप्रतिनिधीला नगरपालिकेसाठी अपात्र ठरवणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. म्हणजे गोळी देणाऱ्या शासनाने त्याच माणसाला नागरिकत्वाच्या एका हक्कापासून दूर ठेवले. जंतू महिन्यांत मरतो, कलम मरायला चार दशके लागतात. आणि २००५च्या अखेरीस दहा हजारांत एकाहून कमी रोगी असा निकष पुरा होताच निर्मूलनाची घोषणा झाली, लक्ष सैल झाले, आणि आजही जगातील नव्या कुष्ठरोग्यांपैकी निम्म्याहून अधिक भारतातच सापडतात.

तेव्हा कार्यकर्त्यांनी करायचे काय? काही गोष्टी नव्या निधीवाचूनही होण्यासारख्या आहेत. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस त्वचारोगतज्ज्ञ आलाच पाहिजे, ही मागणी ग्रामसभांच्या ठरावांतून पुढे नेता येईल. खरजेचे औषध रोग्याला न देता कुटुंबाला द्यावे, माणशी मोजून द्यावे आणि वसतिगृहांत एकाच दिवशी सर्वांना द्यावे, ही मागणी जिल्हा परिषदेत मांडता येईल. स्टेरॉइडमिश्रित मलमे चिठ्ठीवाचून विकणाऱ्या दुकानांच्या तक्रारी अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी गेल्या पाहिजेत. शेतमजूर आणि बांधकाम कामगार यांच्या संघटनांनी गाजरगवताचा आणि सिमेंटचा त्वचादाह हा व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदवून घेण्याचा आणि त्याच्या भरपाईचा आग्रह धरला पाहिजे. गाजरगवत फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून आणि चेहरा झाकून ते उपटण्याचे काम रोजगार हमीवर घेता येईल. मात्र ज्याच्या अंगावर एकदा पुरळ उठले आहे त्याला त्या कामावर कदापि पाठवू नये.

काही गोष्टी याहून अवघड आहेत, कारण त्या सरकारकडे मागता येत नाहीत. पक्षाच्या शिबिरात पंगतीला बसताना कोड असलेल्या साथीच्या शेजारची जागा मोकळी राहते काय, आपल्या घरातील लग्नाच्या बोलण्यात मुलीच्या डागांची चौकशी होते काय, व्यासपीठावर कोणाला बसवायचे हे ठरवताना चेहरा पाहिला जातो काय, याची झडती ज्याची त्याने घ्यायची आहे. अस्पृश्यता संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने नष्ट केली. त्या अनुच्छेदाचा रोख जातीवरील अस्पृश्यतेवर होता आणि तो तसाच असायला हवा. पण स्पर्श टाळणारा हात एकच असतो. जातीसाठी आखडायला शिकलेला हात डागासाठीही आखडतो. तो सैल करण्याचे काम आपल्या चळवळीने एकदा अंगावर घेतले आहे. ते अर्धे सोडून चालणार नाही.